मदत हवी आहे: लांज्यात छोटी नर्सरी, कलमाच्या काड्या कुठून आणू?

नमस्कार मंडळी. लांज्याजवळ २० गुंठे घरची जागा आहे, विहिरीला मेपर्यंत पाणी टिकतं. थोड्या जागेत भाजीपाला, बाकीच्यात हापूसची कोय कलमं (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेली) आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींच्या काजूची कलमं, असं डोक्यात आहे. कलम बांधता येतं. काडीचा डोळा फुगलेला, पण उमललेला नसलेला बघून घेतो. अडतंय ते मातृवृक्षांवर, म्हणजे ज्यांच्या काड्या घ्यायच्या त्या जातिवंत झाडांवर. स्वतःची जुनी झाडं नसताना खात्रीच्या काड्या कुठून घेता? रोपवाटिकेच्या परवान्याला मातृवृक्ष दाखवावेच लागतात का?

पिशवीत लाल माती आणि शेणखत किती-किती घालता, तेही सांगा. कोयी जून-जुलैत रुजत घालायच्या, त्याआधी शेडनेट उभं करायचंय. प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा हो, यूट्यूब बघून झालंय.