३सी २७३ चा झोत प्रकाशाहून वेगवान कसा?

प्रश्न: ३सी २७३ या क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) झोतातल्या गाठी, म्हणजे ठळक ठिपके, रेडिओ नकाशांत प्रकाशाच्या कित्येक पट वेगाने सरकतात. मोजमापच चुकतं का?

– नाही. झोत जवळजवळ आपल्याच रोखाने येतो, गाठ स्वतःच्याच प्रकाशामागे धावते, म्हणून काळ आक्रसलेला दिसतो आणि वेग जास्त भासतो. खरा वेग प्रकाशाच्या ०.९८ पट, झोताचा आपल्या दृष्टिरेषेशी कोन १०° धरा: ०.९८ × साइन १० भागिले (१ − ०.९८ × कोसाइन १०), म्हणजे भासमान वेग प्रकाशाच्या सुमारे ४.९ पट.

– गाठीच्या आकाशातल्या सरकण्यावरून हा वेग काढताना कोनीय-व्यास अंतर (खरा आकार आणि आकाशात दिसणारा कोन यांवरून ठरणारं अंतर) वापरत असाल तर (१ + रेडशिफ्ट) ने गुणा; रेडशिफ्ट म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप. हे हमखास राहतं! इथे रेडशिफ्ट ०.१५८, उत्तर १४ टक्के कमी येईल.

– आपल्यापासून दूर जाणारा, विरुद्ध बाजूचा झोत डॉप्लर परिणामानेच (स्रोताच्या गतीमुळे तेज बदलल्याने) अंधुक होतो. क्वेसार १२.९ प्रतीचा (तेजाची प्रत; आकडा जितका मोठा तितका अंधुक), कन्या राशीत. ८ इंची दुर्बिणीतून ठिपकाच दिसेल, झोत नाही.