२०१८ चं मागे घेतलेलं पणन (शेतमाल विक्रीचं) विधेयक राज्यानं पुन्हा आणावं का?

मुक्तद्वार (धागाकर्ता)

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६३ च्या कायद्यानं चौकट घातली, की शेतमालाचा घाऊक व्यवहार बाजार समितीच्या आवारात, परवानाधारक व्यापाऱ्याशीच. त्या काळी ते गरजेचं होतं. उचल देणारा तोच, माल घेणारा तोच आणि मापात मारणाराही तोच. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि ज्याचा माल त्यालाच कळायचं नाही की कितीला गेला. उघड लिलाव ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गाळे मोजके, परवाने मोजके, आणि संचालकपद म्हणजे आमदारकीची उमेदवारी. २००६ मध्ये खासगी बाजार आणि थेट पणनाचे (शेतकऱ्याकडून सरळ खरेदीचे) परवाने द्यायला सुरुवात झाली. जुलै २०१६ मध्ये फळं-भाज्या, कांदा-बटाट्यासकट, आवाराबाहेर नियमनमुक्त झाल्या आणि आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, न कापता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, 'शहरं उपाशी मरतील' असं सांगून झालं. कुणी मेलं नाही. पुण्यात शेतकरी आठवडे बाजार भरू लागले होते, त्यांना उलट बळच मिळालं.

मग तूर, सोयाबीन, हरभरा, कापूस यांनी काय घोडं मारलंय? नोव्हेंबर २०१८ मध्ये सगळाच शेतमाल आवाराबाहेर मोकळा करणारं विधेयक आलं, व्यापारी आणि माथाडी (आवारातले हमाल) एकत्र रस्त्यावर उतरले आणि सरकारनं शेपूट घातलं. २०२० मध्ये केंद्रानं तेच वरून लादलं, आपल्या राज्यानं सप्टेंबरअखेर त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, पुढे १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा. संपलं.

माझं म्हणणं असं, की शेतीबाजार हा राज्याचा विषय आहे, तेव्हा राज्यानंच हे करायला हवं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी १९८० पासून हेच सांगत होते, की मदत नको, वाटेतून बाजूला व्हा. ज्यांना नियंत्रणाचं प्रेम आहे त्यांनी कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवावी. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षं खासगी व्यापाऱ्याला कापूस विकणं हा गुन्हा. विदर्भातला शेतकरी रात्री गाड्या भरून राज्याच्या सीमेपलीकडे कापूस न्यायचा. स्वतःच्या शेतातला कापूस, आणि नाव काय तर तस्करी!

---

खळ्यावरचा

निफाड तालुक्यातून लिहितोय. कांदा २०१६ पासून मोकळा आहे ना? मग आमच्या गावचे ट्रॅक्टर पहाटे लासलगाव-पिंपळगावलाच का लागतात, याचं उत्तर आधी द्या. आवाराबाहेर विकायला कुणी अडवलेलं नाही. पण बाहेर भाव सांगणारा एकच असतो, आवारात निदान चार जणं ट्रॉलीभोवती उभी राहतात.

आवाराचं गुणगान करतोय असं समजू नका. लिलाव मिनिटभराचा. ट्रॉलीवरचा वरचा कांदा उचकून बघतात, बोली फुटते, सौदापट्टी हातात येते. मग ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे ट्रॉली पालथी झाली की सुरू, 'खालून माल हलका निघाला, दोनशे कमी करा.' ओतलेला कांदा परत भरायचा म्हणजे मजुरी, डिझेल आणि दुसरा दिवस. निम्मे लोक मान डोलावतात. पण ज्याला भांडायचंय तो समितीत जाऊन फेरलिलाव मागू शकतो, आणि सचिवाला निदान यावं तरी लागतं. बाहेर कुणाकडे जाऊ?

दुसरं. कांद्याचं मरण मुंबईत नसतं, दिल्लीत असतं. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी, मे २०२४ ला बंदी उठली तर ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य बोकांडी. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तुमचं विधेयक याला हातही लावू शकत नाही.

---

वाशीकर

'व्यापारी आणि माथाडी एकत्र उतरले' हे वाक्य फार सोयीचं आहे हो. जणू दोघांचं पोट एकच. माझे वडील वाशीच्या आवारात पाठीवर पोती वाहायचे, त्याआधी मशीद बंदरला. १९६९ चा माथाडी कायदा येण्याआधी हमालाला ना हजेरी, ना फंड, ना दुखापतीची भरपाई. अण्णासाहेब पाटलांनी ते मिळवून दिलं. आवारात माल येतो म्हणून माथाडी मंडळाला लेव्ही (मजुरीवर व्यापाऱ्यानं भरायची जादा रक्कम) मिळते, लेव्ही मिळते म्हणून आमच्या घरात भविष्यनिर्वाह निधी नावाचा प्रकार आला.

माल हायवेवरच्या गोदामात उतरला की तिथली पोती उचलणारा कोण? ठेकेदाराचा पोरगा, रोजंदारीवर, ना नोंद ना काही. तुमच्या 'कार्यक्षमते'तला बराचसा नफा म्हणजे हा न भरलेला फंड आहे. हे लिहा ना धाग्यात.

---

मुक्तद्वार

वाशीकर, माथाडी कायदा रद्द करा असं मी कुठे म्हटलंय? पण हमालाचं संरक्षण जागेला का बांधायचं? माणसाला बांधा. गोदाम कुठेही असो, नोंदणी सक्तीची. आणि दुसरी बाजूही बघा. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव कशावरून बंद पडले? हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी) आणि लेव्ही कापायची की नाही यावरून. व्यापारी आणि हमाल-मापारी यांचं भांडण, आणि कांदा सडला तिसऱ्याचा. ट्रॉली हायड्रॉलिकनं पालथी होते, वजन भुईकाट्यावर होतं, तोलाई मात्र चालूच. हे कष्टाचे पैसे नाहीत, हा पथकर आहे.

खळ्यावरचा भाऊ, निर्यातीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण वरचा दरवाजा बंद आहे म्हणून खालचाही लावून घ्यायचा, हे काही पटत नाही.

---

उगाचच

बिहार.

(२००६ ला कायदाच मोडीत काढला. मोकळा बाजार झाला, बाजार मात्र झाला नाही. तिथला धान पंजाबच्या मंडीत जाऊन हमीभावाला विकल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. धागा बंद करायला हरकत नसावी.)

---

मुक्तद्वार

केरळ.

(तिथे हा कायदा कधी आलाच नाही. केरळचा शेतकरी देशोधडीला लागलेला दिसत नाही. धागा चालू राहू द्या.)

---

चष्मिष्ट

केरळात मुख्यतः रबर, मिरी, वेलदोडा, नारळ. त्यांची लिलावाची व्यवस्था वेगळी, मंडळं वेगळी. निफाडच्या कांद्याशी त्याची तुलना करू नका. बिहारचंही एकट्या त्या कायद्यावर ढकलू नये, तिथे आधीही मंड्या थोड्याच होत्या. दोन्ही उदाहरणं चहाच्या टपरीपुरती ठीक आहेत.

मला खटकतं ते शरद जोशींचं नाव असं वापरणं. १९८० चं चाकणचं आणि नाशिकचं आंदोलन रास्त भावासाठी होतं. उत्पादनखर्चावर आधारित भाव, आणि मागणी सरकारकडेच. 'भीक नको, हवे घामाचे दाम' यातले दाम द्यायचे कुणी, हे तेव्हा उघड होतं. डंकेल प्रस्तावाला (जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याला) पाठिंबा, स्वतंत्र भारत पक्ष, हे सगळं नव्वदीतलं. माणूस बदलतो, त्यात गैर काही नाही. पण सुरुवातीपासून एकच सूर होता असं लिहिणं म्हणजे इतिहासाला इस्त्री करणं.

---

मुक्तद्वार

उणे सबसिडीचं गणित विसरलात. जोशींचा मूळ मुद्दा हा होता, की सरकार भाव देत नाही एवढंच नाही, आलेला भाव पाडतं. लेव्ही (इथे सरकारची सक्तीची खरेदी), निर्यातबंदी, प्रांतबंदी, साठ्यावर मर्यादा. भाव पाडणारा हात काढा, ही मागणी १९८० मध्येही त्यातच होती. फक्त तेव्हा 'भाव द्या' म्हटल्यावर लोक रस्त्यावर येत होते. 'जीवनावश्यक वस्तू कायदा दुरुस्त करा' या घोषणेवर रेल्वे अडत नाही.

---

चष्मिष्ट

त्या कायद्याचा विषय काढलात ते बरं झालं. २०२० मध्ये केंद्रानं तोच दुरुस्त केला होता. कांदे-भाज्यांचे भाव दुप्पट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालणार नाही, असं लिहून दिलं. सप्टेंबरात संसदेत मंजूर. २३ ऑक्टोबरला कांद्यावर साठामर्यादा: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २. जेमतेम महिना गेला होता! आणि हे करणारं सरकार मोकळ्या बाजाराचं गाणं गाणारंच होतं.

म्हणून राज्याच्या पातळीवरच्या सुधारणांचा एवढा प्रचार चालतो तेव्हा मला प्रश्न पडतो, की हे लोक दिल्लीला सोडून बाजार समितीच्याच मागे का लागतात? समितीत बसलेला स्थानिक पुढारी आहे, त्याला खलनायक करणं सोपं. वाणिज्य मंत्रालयाच्या अधिसूचनेचा पुतळा जाळता येत नाही.

---

तूरडाळ

मराठवाड्यातून. धाग्यातल्या सगळ्यांना कांदाच दिसतोय म्हणून लिहितो.

आमच्याकडे सोयाबीनचा भाव रोज सकाळी मोबाईलवर येतो, कारखान्याचा पोच भाव. थेट पणन परवान्यावर कारखाने गेटवर माल घेतात. मी दोन्हीकडे घातलाय. कारखान्यात ओलावा यंत्रावर मोजतात, माती-डागी किती ते कागदावर येतं, कपात झाली तरी कशाची ते कळतं. आडत्याकडे मूठभर दाणे तळहातावर चोळून 'हवा आहे', म्हणजे ओलावा आहे, म्हणतात, विषय संपला. तरी मी वर्षातला निम्मा माल आडत्याकडेच घालतो. कारण जूनमध्ये बियाण्याला पैसे तो देतो, बँक नाही. ही गाठ कुठलं विधेयक सोडवणार?

आणि सरकारनं मध्ये पडलं की काय होतं तेही बघितलं. ऑगस्ट २०१८, हमीभावाच्या खाली घेणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि ५० हजार दंड, असा निर्णय. व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली. मूग घरात, सण तोंडावर. शेवटी सरकारच मागे सरलं. शेतकऱ्याच्या भल्यासाठी काढलेल्या फतव्यानं शेतकऱ्याचीच कोंडी झाली, म्हणून मी मुक्तद्वारांच्या बाजूनं. पण हातचं राखून. डिसेंबर २०२१ ला सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले, नंतर बंदीला मुदतवाढीवर मुदतवाढ. पुढचा भाव दिसण्याची होती ती खिडकीही गेली. तेही दिल्लीतूनच.

---

द्राक्षबाग

ज्यांना मोकळा बाजार बघायचाय त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या शिवारात यावं. द्राक्षाला समिती कधी आडवी आलीच नाही. व्यापारी बागेत येतो, काडी बघतो, गोडी बघतो, किलोचा भाव बोलतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख. दुसऱ्या गाडीचे निम्मे. तिसऱ्या-चौथ्याला 'पुढच्या आठवड्यात', वर एक धनादेश. मग फोन बंद. आमच्या भावकीत एकाची अख्ख्या हंगामाची कमाई अशी गेली. पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, 'करारपत्र आहे का?'

निर्यातीचा माल कंपनीला देणाऱ्यांचं बरं चाललंय, मोहाडीच्या सह्याद्रीसारखी शेतकऱ्यांची कंपनी उभी राहू शकते हेही डोळ्यांसमोर आहे. पण ती नियम नव्हते म्हणून उभी राहिली नाही. युरोपातला खरेदीदार फवारणीची नोंद मागतो, बागेची नोंदणी मागतो, अवशेषांची तपासणी मागतो. बेफाट नियम आहेत तिथे. म्हणून पैसा आहे.

---

वाशीकर

द्राक्षबाग, हेच म्हणतोय मी. समिती वाईट असेल तर ती सुधारा. २०१७ मध्ये शेतकऱ्याला समितीच्या निवडणुकीत थेट मत दिलं होतं, २०२० मध्ये ते काढून घेतलं. पुन्हा सोसायटी आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांची मोजकी मतं, पुन्हा सहलींना गाड्या. राज्यात ३०० च्या वर समित्या आहेत. सातबारावाल्याला मत द्या, मग बघू संचालक खळ्यावरच्या कपातीवर गप्प कसा बसतो.

---

मुक्तद्वार

मत जरूर द्या. पण ज्याला मत आहे त्याला बाहेर जाण्याचीही मुभा हवी. गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही तिथे दुकानदार सुधारत नाही.

द्राक्षबागांच्या अनुभवावर उत्तर द्यायला हवं. २०२० च्या केंद्रीय कायद्यात खरेदीदारानं त्याच दिवशी, फार तर तीन कामकाजी दिवसांत पैसे द्यावेत असं होतं, तंटा प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे), निकाल ३० दिवसांत. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकानं सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या प्रांताकडे जाऊन थकलेले पैसे याच तरतुदीखाली वसूल केले होते. म्हणजे हे जमतं. माझा मसुदा असा: आवाराबाहेर कुणीही खरेदी करावी, परवाना नको, पण नोंदणी आणि उलाढालीच्या प्रमाणात बँक हमी हवी. गाळा नको, शिफारस नको. हमी भरा आणि घ्या माल.

---

खळ्यावरचा

प्रांताकडे पंचनामे, दाखले, निवडणूक, अतिक्रमणं, सगळं आहे. त्यात माझी वीस क्विंटलची तक्रार कितव्या नंबरला लागेल? तो मक्याचा निकाल लागला तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष त्या कायद्यावर होतं. पाचशेव्या तक्रारीचं काय?

बँक हमीचं मात्र पटतं. फक्त ती ठेवायची कुणाकडे? समितीकडे ठेवली तर वाशीकरांचं बरोबर, समिती लागतेच.

---

मुक्तद्वार

पणन संचालनालयाकडे.

---

खळ्यावरचा

म्हणजे पुण्याला. बुडालेल्या पैशांसाठी निफाडहून पुण्याला हेलपाटे. तालुक्याला एक खिडकी द्या, पंधरा दिवसांत हमीतून पैसे शेतकऱ्याच्या खात्यात आणि मग व्यापाऱ्याशी काय भांडायचं ते सरकारनं भांडावं, हे लिहा मसुद्यात. मग मी सही करतो. वाशीकर करतील का ते त्यांना विचारा.

---

वाशीकर

लेव्ही भरल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नोंदणी नाही, एवढं कलम घाला. नाहीतर पुन्हा रस्त्यावर भेटू.