टाकोत्सुबो (तीव्र ताणानंतर हृदय तात्पुरतं कमजोर होणं): ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं) सुधारला म्हणजे नसाही (मज्जातंतू) सुधारल्या?

मंदस्पंद: परवा इथंच कुणीतरी ठोकून दिलं, "टाकोत्सुबोत काही आठवड्यांत एको नॉर्मल होतो, विषय संपला." एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पंप दाखवतो हो, त्यावरचा नसांचा ताबा नाही. एमआयबीजी स्कॅनमध्ये (यात हृदयाच्या नसा शोषून घेतात असं किरणोत्सर्गी द्रव्य देतात) हृदयाच्या टोकाकडे ग्रहण (द्रव्य शोषलं जाणं) कमी आणि वॉशआउट (ते निघून जाणं) जास्त दिसतो. भिंतीची हालचाल पूर्ववत झाल्यावरही हे बरेच दिवस रेंगाळतं. पुढं काही वर्षांनी तपासलेल्या रुग्णांतही बॅरोरिफ्लेक्स (रक्तदाब बदलला की हृदयगती सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया) मंद आणि व्हेगसचा (हृदय शांत करणाऱ्या नसेचा) जोर कमी आढळलाय.

एकोवाला: आढळलाय, पण किती जणांत? मूठभर. बहुतेक रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया, त्यात चिंता, मधुमेह. झटक्याआधीचं मोजमाप कुणाकडेच नाही. मग हा बिघाड परिणाम कशावरून? कारणही असेल. शिवाय नसेत सुई घालून केलेल्या नोंदी बघा: २०१२ साली सिम्पथेटिक (ताणाच्या वेळी हृदय पळवणाऱ्या नसांची) क्रिया कमी, २०१४ साली जास्त. घ्या आता!

मंदस्पंद: ती सुई पायाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसेत असते. हृदयाचं त्यावरून किती कळणार?

होल्टरग्रस्त: आणि कृपा करून कुणी एलएफ/एचएफ गुणोत्तर (हृदयगतीतल्या संथ आणि जलद लहरींचं प्रमाण) आणू नका. 'सिम्पथेटिक समतोल' म्हणून रिपोर्टवर छापतात, डोकं फिरतं. एलएफमध्ये बॅरोरिफ्लेक्स आणि व्हेगसही मिसळलेले असतात. श्वास मिनिटाला ९ च्या खाली गेला की श्वासाची लहर ०.१५ हर्ट्झच्या खाली, म्हणजे थेट एलएफमध्ये जाते. रुग्ण निवांत झाला आणि आकडा ओरडतो 'ताण'! एक्टोपिक (अवेळी पडणारे) ठोके गाळले नाहीत तर आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं किती बदलतात त्याचं माप) उगाच फुगतो.

एकोवाला: झालं सुरू. मोजायचं काय, ते सांगा.

होल्टरग्रस्त: आडवं झोपवून मिनिटाला ६ श्वास, हृदयगतीतला फरक बघा. वल्साल्वा (बंद नळीत जोर लावून फुंकणं) ४० मिमी पाऱ्यावर १५ सेकंद, रक्तदाब ठोक्यागणिक नोंदवत. नाहीतर बॅरोरिफ्लेक्सचं नीट कळत नाही. डाव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून) रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा असेल तर वल्साल्वा अजिबात नको. मग उभं करून ३ मिनिटं रक्तदाब.

रिसेप्टर: एवढं करून द्याल बीटा ब्लॉकरच (ॲड्रेनालिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारं औषध). २०१५ च्या इंटरटॅक या टाकोत्सुबो रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत १७५० रुग्ण होते, वर्षभराच्या जगण्यात त्याचा फायदा दिसला नाही. एसीई इनहिबिटर, एआरबी या रक्तदाबाच्या औषधांचा दिसला. बीटा ब्लॉकर चालू असतानाही झटका परत येतो.

मंदस्पंद: नोंदवही म्हणजे चिठ्ठ्या टाकून औषध वाटलेली चाचणी नव्हे. कुणाला का दिलं, हेच ठाऊक नाही. हा नियम एआरबीलाही लावा, सोयीनुसार नको.

रिसेप्टर: बरं बाबा, लावला.

एकोवाला: ईएफ ६० असूनही धाप आणि थकवा वर्षानंतर टिकतो, स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आकसतो त्याचं माप) बिघडलेला सापडतो, एवढं मी मान्य करतो. नसांवर खापर फोडायला मात्र अजून पुरावा हवा.

होल्टरग्रस्त: तो एमआयबीजीतूनच आणणार असाल तर आधी लॅबेटालॉल (रक्तदाबाचं औषध) आणि ट्रायसायक्लिक (नैराश्यावरची औषधं) थांबवले होते का ते विचारा. ही औषधं नसेतलं ग्रहणच अडवतात. आणि १५ मिनिटांची प्रतिमा काढून ४ तासांची गाळली असेल, तर वॉशआउटचा आकडा आला कुठून?