पहिल्या दुरुस्तीनंतर स्वयंसेवक परत का येत नाहीत?

प्रश्न: आमच्या छोट्या मुक्त-स्रोत प्रोग्रामिंग भाषेसाठी पहिली दुरुस्ती पाठवणारे बरेच जण येतात, परंतु दुसरी पाठवणारा क्वचितच दिसतो. कंपायलरचे (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामचे) अंतरंग ठाऊक नसलेल्यांना कोणते काम द्यावे?

उत्तर १: आधी आपण उत्तर किती दिवसांत देता ते पाहा. त्रुटी-संदेशातला चुकीचा ओळक्रमांक सुधारणारा माझा पहिला पॅच (कोडमधला बदल) एका प्रकल्पात चार महिने पडून होता. शेरा आला तोवर मूळ कोडच बदलला होता आणि मीही पुन्हा तिकडे फिरकलो नाही. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) येताच बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्राम, परीक्षक नेमतो, त्यामुळे निदान कोणाकडे विचारणा करायची हे तरी कळते.

उत्तर २: वरील मुद्दा मान्य, मात्र कामाच्या नोंदीला नुसते ‘सोपे’ असे लेबल लावून भागत नाही. कोणती फाइल उघडायची, कोणती चाचणी चालवायची आणि अडल्यास कोणाला विचारायचे, एवढे त्या नोंदीतच लिहावे. त्रुटी-संदेश सुधारणे हे उत्तम पहिले काम आहे, कारण नवख्यालाच ते सर्वाधिक खटकतात.

उत्तर ३: प्रोग्रामिंग भाषेची वाक्यरचनाच बदलण्याच्या सूचना मात्र वेगळ्या ठेवा. पायथन या भाषेने त्यासाठी २००० पासून ‘पेप’ ही लेखी प्रस्तावांची पद्धत ठेवली आहे, ज्यात नाकारलेल्या प्रस्तावाची कारणेही नोंदलेली राहतात.