तगरीच्या कुंपणावरची हिरवी अळी: तुमचे उपाय लिहा

बागवेडी
कुणीतरी टाकलेला बोडक्या तगरीचा फोटो पाहिला आणि दर पावसाळ्यातलं हे दुखणं आठवलं. बोटाएवढी हिरवी अळी, शेपटावर शिंग, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे (खोटे, पक्ष्यांना भिववायला). कण्हेरीवरही हीच. पानात पान होऊन बसते, म्हणून आधी जमीन बघा. मिऱ्याएवढ्या ओल्या लेंड्या दिसल्या की अळी बरोबर त्याच्या वर. काळोख पडल्यावर बॅटरी घेऊन शोधा.

माती_कुंडी
हातमोजे घाला हं, चीक डोळ्यात जायला नको. वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

हिरवाकोपरा
लहान अळ्यांना बीटी (कुर्स्टाकी), म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची पावडर, लिटरला १ ते २ ग्रॅम. संध्याकाळीच, उन्हात ते निकामी होतं. पोटात गेलं तरच लागू पडतं, त्यामुळे पानं खालूनही भिजवा. अळी खाणं लगेच सोडते पण मरायला २-३ दिवस घेते. लोक दुसऱ्याच दिवशी "फरक नाही" म्हणत जहाल औषध मारतात, तेवढं कृपया करू नका! मोठ्या अळ्या मात्र हातानेच वेचाव्या लागतात.

सुमाआजी
कढीपत्त्यावर चालेल का हे? पानं फोडणीत जातात.

हिरवाकोपरा
आजी, कढीपत्त्यावरची ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. झाड मोठं असेल तर राहू द्या तिला. रोप असेल तर वेचून लिंबाच्या मोठ्या झाडावर सोडा.

राइनकाठ
इथे जर्मनीत बॉक्सवुडची (बारीक पानांचं सदाहरित झुडूप) कुंपणं अशाच एका अळीने साफ केलीत. ती झुडपाच्या आत जाळं विणते, म्हणून फांद्या फाकवून जोरात फवारावं लागतं. हिवाळा पानांमध्येच काढते, मार्चपासून बघायला लागा. १५ अंशांखाली बीटीचा उपयोग फार कमी.

बागवेडी
हो, तगरीवरही पानं चिकटवून आत बसणारी दुसरी अळी आहे. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, ती पानं चिमटून काढायची.

माती_कुंडी
नीमतेल राहिलंच. ५ मिली तेल आधी १-२ मिली द्रवसाबणात घोटा, मग लिटरभर पाणी. नुसतं पाण्यात ओतलं तर तवंग येतो आणि कोवळी पानं करपतात. अख्खं कुंपण एकदम छाटू नका, सगळीकडे कोवळी पालवी फुटते आणि पतंग तिथेच अंडी घालतो.

सुमाआजी
एकेरी तगरीची फांदी आहे का कुणाकडे? ठाण्यात.

माती_कुंडी
आहे आजी, व्यनि (खाजगी निरोप) करते. वीतभर जून फांदी देते, चीक वाळला की लावा.