मॅरेथॉननंतर वजन वाढले आणि बोटातली अंगठी निघेना: मीठ कमी पडले की पाणी जास्त झाले?

प्रश्न
नमस्कार. गेल्या महिन्यात मी पहिली पूर्ण मॅरेथॉन ५ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. उन्हाच्या धास्तीने प्रत्येक पाणपोईवर, तहान असो वा नसो, दोन पेले पाणी प्यायलो. शेवटच्या आठ किलोमीटरमध्ये डोके ठणकू लागले व मळमळ सुरू झाली, तेव्हा पाणीच कमी पडले असे समजून आणखी एक बाटली संपवली. त्यानंतर दोनदा उलटी झाली. घरी आल्यावर बोटे इतकी सुजली होती की अंगठी निघेना, आणि पहाटे ६४.२ किलो असलेले वजन ६५.४ भरले. इतका घाम गाळूनही वजन वाढते कसे? पुढच्या वेळी मिठाच्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर १
मी शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत डॉक्टर म्हणून काम करतो. रक्तचाचणीशिवाय निदान करणार नाही, पण आपण लिहिलेली लक्षणे हायपोनॅट्रेमियाची, म्हणजे रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली घसरल्याची वाटतात. दीर्घ श्रमात शरीर व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवत राहते, त्यामुळे मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकत नाहीत. वरून पीत राहिल्यास रक्त पातळ होते आणि पेशी, मेंदूच्यासुद्धा, फुगू लागतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांना हा त्रास आढळला होता, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध होता तो धावताना वाढलेल्या वजनाशी.

म्हणून मिठाच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. पाणी प्रमाणाबाहेर गेले की त्या वाचवत नाहीत. गोंधळलेले बोलणे किंवा झटके दिसले, तर तातडीने ३ टक्के तीव्रतेचे सलाइन शिरेतून द्यावे लागते. अशा वेळी 'पाणी पाज' म्हणणारा हितचिंतक नकळत घात करतो.

उत्तर २
दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स मी धावलो आहे. १९८१ साली याच शर्यतीत एक धावपटू स्त्री अशा अवस्थेत कोसळली आणि क्रीडावैद्यकाचे अभ्यासक टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मी आता तहान लागली तरच पितो. सरावात एक तास धावण्याआधी व नंतर अंग कोरडे करून वजन करा. समजा, ते ६४.० वरून ६३.४ झाले आणि मध्ये ३०० मिलिलिटर प्यायलात, तर तासाला सुमारे ९०० मिलिलिटर घाम गेला. हा आकडा कमाल मर्यादा समजा, भरून काढायचे उद्दिष्ट नव्हे. शर्यतीअखेर किलोभर वजन घटणे स्वाभाविक आहे.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. नारळपाणी चालेल का? आणि गुडघ्यासाठी शर्यतीआधी आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतली होती, त्याचा संबंध असेल का?

उत्तर १
नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र बेताचेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असते, तरी रक्तातील १४० च्या मानाने तेही पातळच. त्यामुळे कोणतेही पेय तहानेपलीकडे नको. आयब्युप्रोफेनचा संबंध असू शकतो, कारण ती व्हॅसोप्रेसिनचा परिणाम वाढवते आणि मूत्रपिंडांवरचा ताणही वाढवते. शर्यतीच्या दिवशी ती घेऊ नका, गुडघा दुखत असेल तर शर्यतीआधीच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.