‘इमॅजिनेशन’ अत्तराची स्वस्त नक्कल वापरलीत का? बडोदेकरांनो, अनुभव सांगा

मंडळी, लुई व्हिताँचं ‘इमॅजिनेशन’ २०२१ साली आलं. वर महाळुंग नि बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ), तळाशी काळा चहा आणि अंब्रॉक्सन (अंबरासारख्या वासाचं रसायन). मुंबईच्या दुकानात मनगटावर मारून घेतलं आणि पाच आकडी किंमत ऐकून निमूट बाहेर पडले. त्याच्या दुबईछाप नकला म्हणे फार स्वस्त मिळतात. पहिल्या पाच मिनिटांचं कौतुक नको. नवरात्रात टिकतं का ते सांगा.

कारेलीबाग : फवारल्याबरोबर हुबेहूब! अर्ध्या तासात चहा गायब, उरला भांड्यांच्या साबणाचा लिंबू. नवऱ्यानं विचारलं, “आज बाई आली नाही वाटतं?”

नंदेसरीवाला केमिस्ट : लिंबाच्या तेलात मुख्यतः लिमोनीन. हलका रेणू, तो खऱ्या बाटलीतलाही उडणारच. खरी परीक्षा त्यानंतर. चहाचा वास बहुतेकदा रचलेला असतो. अत्तरकार जाँ-क्लोद एलेना यांनी बुल्गारीचं हिरव्या चहाचं अत्तर केलं (१९९२) ते आयोनोन आणि हेडिओन या दोन सुगंधी रसायनांच्या मेळातून. हा तोल साधणं अवघड. मी हुंगलेल्या नकलांत अंब्रॉक्सन सढळ हातानं ओतलेलं होतं. दिवसभर टिकतं हो, पण चहा त्याखाली गुदमरतो. आणि बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं लिंबू आधी बिघडतो.

फतेहगंज : गरब्याचा निकाल. मानेवरचं पहिल्या तासातच घामाबरोबर गेलं. केडियावर (गरब्याच्या घेरदार अंगरख्यावर) मारलेलं मात्र सकाळी धुवायला टाकतानाही येत होतं, आणि चक्क चहासकट.

दांडिया बाजार : नक्कल हवीच कशाला? एलिझाबेथ आर्डेनचं ‘ग्रीन टी’ घ्या. १९९९चं, फ्रान्सिस कुर्कजियान यांनी केलेलं. काळा चहा नाही, टिकतही नाही. पण जे आहे ते स्वतःचं आहे. छोटी बाटली पर्समध्ये ठेवते, आरतीच्या आधी पुन्हा मारते.

मांडवी : मी अत्तरवाल्याकडून बर्गमॉटचं तेल आणून घरीच चंदनात मिसळलं. झकास जमलंय!

नंदेसरीवाला केमिस्ट : @मांडवी, तेल बर्गाप्टेन (बर्गमॉटमधला एक घटक) काढलेलं आहे का ते विचारा. नसेल तर ते लावून उन्हात जाऊ नका, कातडी भाजून काळे डाग पडतात.

मांडवी : अरे बाप रे. विचारतो.

धागाकर्ती : मग आधी नकलेची पाच मिलीची कुपीच मागवते, आणि मारीन ती ओढणीवर. @फतेहगंज, कापडावर डाग पडला का? माझी ओढणी पांढरी आहे.

फतेहगंज : माझं केडियूं काळं होतं, बेन. आतल्या शिवणीवर मारून बघा आधी.